शनिवारचं वजन

लताबाईनं पेला तोंडाजवळ नेला, वास घेतला आणि तो परत ओट्यावर ठेवला.

"साखर हाये का याच्यात?"

"हाये," लीलाधर म्हणाला.

"किती?"

"चार चमचे. पी."

तिनं नवऱ्याकडे संशयानं पाहिलं. गेल्या आठ महिन्यांत या घरात साखरेचा कण आला नव्हता, आणि तो येऊ न देणारा हाच माणूस होता. आता तोच लिंबू पिळून, साखर विरघळवून, पेला पुढे करून उभा होता. तिला वाटलं, हा आपली परीक्षा बघतोय.

"आज शनवार हाये," ती म्हणाली. "काट्यावर जायाचं नही का?"

"नही."

"नक्की?"

"नही म्हटलं ना."

मग तिनं पेला उचलला आणि एका दमात संपवला. तळाशी राहिलेली साखर तिनं बोटानं पुसून घेतली, तीसुद्धा चोरून, पाठमोरी होऊन. लीलाधरनं ते पाहिलं आणि तो स्टोव्हवरच्या पेजेत उगाचच पळी फिरवत बसला. बायकोनं बोटभर साखर लपून चाटावी, इतकी आपली दहशत आहे, हे त्याला आज कळत होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ही साखरही उसनी होती. सकाळी तो वाटी घेऊन शेजारी थोरल्या वहिनीकडे, इंदिराबाईकडे, गेला होता. "तुह्या घरात साखर? आज कोन्ता सन हाये?" असं ती टाकून बोलली खरी, पण तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि पुढे काही न बोलता वाटी शिगोशीग भरून दिली.

खिडकीच्या गजाला दवाखान्यातला छापील कागद लटकवलेला होता. दुसऱ्या दिवशी लताबाईच्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी होती, आणि तिच्या आधी काय खायचं आणि काय नाही, ते त्यावर लिहिलं होतं. पातळ पेज, गाळलेलं वरणाचं पाणी, साखर-लिंबाचं पाणी, नारळपाणी चालेल. पालेभाजी, मोड आलेलं कडधान्य, काकडी, वांगं, बिया-सालीचं काहीही चालणार नाही. म्हणजे मधुमेहाचं पथ्य म्हणून लताबाई आठ महिने जे खात आली ते सगळं बंद, आणि जे तिच्या ताटातून उचलून घेतलं गेलं तेवढंच द्यायचं. लीलाधरनं तो कागद इतक्यांदा वाचला होता की तो त्याला पाठ झाला होता.

लीलाधर नशिराबादच्या केळी सोसायटीत मापाडी होता. सव्वीस वर्षं त्यानं केळीचे घड मोजले. घडाच्या दांड्याचं किती वजन वजा धरायचं ते तो नुसतं बघून सांगायचा, आणि शेतकरी मान डोलवायचे. ओल्या पानांवर घड ठेवणारे, बोलण्याच्या नादात काट्याला गुडघा टेकवणारे, सगळे त्यानं रंगेहाथ पकडले होते. "लीलाधरभाऊच्या काट्याले कोनी फसवू शकत नही," असं लोक म्हणत आणि ते ऐकून त्याची छाती फुगे.

मागच्या जूनमध्ये लताबाईच्या रक्तात साखर निघाली. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं आणि एका जेवणाला एकच भाकरी सांगितली. लीलाधरनं तिची अर्धी केली. दिवाळीनंतर तीही काढली. भात नाही, बटाटा नाही, केळीच्या गावात राहून केळं नाही. ताटात मेथी, शेपू, मटकीची उसळ, ताक आणि भाकरीशिवायचं भरीत. डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं त्याला वाटू लागलं होतं, कारण त्याच्याकडे काटा होता.

दर शनिवारी दुपारी ट्रक भरून गेले की तो लताबाईला सोसायटीत बोलावून घ्यायचा आणि केळीच्या काट्यावर उभी करायचा. लुगडं, बांगड्या आणि चपला मिळून एक किलो वजा. "दांड्याचं कापलं रे," असं तो म्हणायचा आणि हमाल हसायचे. आकडा मोठ्यानं वाचायचं काम अय्युब हमालाचं. चौसष्टवरून सुरुवात झाली होती. साठ, सत्तावन्न, चोपन्न. आकडा उतरला की लीलाधर सगळ्यांकडे असा बघायचा, जणू ते वजन त्यानंच हातानं उतरवून ठेवलंय. गणपतीनंतर अय्युबनं आकडा वाचणं सोडून दिलं. "भाऊ, अब भाभी को कुछ खिलाओ," असं एकदा तो हळूच म्हणाला. लीलाधरनं त्याला उडवून लावलं. पथ्य काय चीज असते ते हमालाला काय कळणार!

धुळ्याला साल्याच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हाची गोष्ट त्याला आता सारखी आठवत होती. पंगतीत लताबाईच्या पत्रावळीवर वाढप्यानं जिलबी टाकली. लीलाधर पुरुषांच्या पंगतीतून उठून आला, भर मांडवात ती जिलबी उचलून त्यानं शेजारच्या बाईच्या पत्रावळीवर ठेवली आणि म्हणाला, "हिले चालत नही." सगळ्या बायका खाली बघू लागल्या. पुढच्या शनिवारी काटा पाव किलो जास्त दाखवत होता. "जिलबी बोलली!" लीलाधर म्हणाला. हमाल हसले. लताबाईही हसली होती, नक्की हसली होती.

मंगळवारी ती नळावर घागर उचलताना कोसळली. तिला आत आणून निजवल्यावर इंदिराबाईनं त्याला ओसरीवर गाठलं.

"तुह्या बायकोले संडासातून रक्त पडतं," ती म्हणाली. "लई दिवस झाले. धुनं लपवून धुते. मले बी परवाच कयलं."

गावातल्या डॉक्टरांनी वजन विचारलं तेव्हा लीलाधरनं सवयीनं आणि थोड्या अभिमानानंच सांगितलं होतं, "सत्तेचाळीस. चौसष्टचं सत्तेचाळीस केलं, साहेब. पथ्य कडक ठेवलंय." डॉक्टरांनी लताबाईच्या डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली. "पथ्यानं इतकं उतरत नाही, लीलाधर," ते म्हणाले आणि त्यांनी जळगावची चिठ्ठी लिहून दिली. तिथे नाशिकचे एक डॉक्टर महिन्यातून दोन रविवार दुर्बीण घेऊन येत.

तेव्हापासून लीलाधरची झोप उडाली होती. ज्या आकड्यांवर आपण मिरवलो ते आजाराचे होते, हे त्याला कळून चुकलं होतं, आणि ते बायकोजवळ कबूल करायला तोंड नव्हतं.

दोन वाजता त्यानं पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवली. दर पंधरा मिनिटांनी एक पेला, असं कागदावर होतं. लताबाई नाक दाबून पीत होती. तिसऱ्या पेल्यानंतर ती घाईघाईनं उठली आणि परसात गेली. त्यांचा संडास परसाच्या टोकाला होता. तिथे नळ नव्हता, पाणी बादलीनं न्यावं लागे. लीलाधरनं बादली उचलली तशी ती दारातच थबकली.

"तुमी कावून आनता? मी नेते."

"तुह्यात ताकद हाये का?"

"वहिनीले बोलवा मंग. लोकं पाहतीन."

"पाहू दे."

त्याच्या सबंध आयुष्यात त्यानं बायकोसाठी पाणी उचललेलं नव्हतं, आणि संडासाला तर नाहीच. बादली दाराशी ठेवून तो तुळशीपर्यंत मागे येऊन उभा राहिला. आतून आवाज येऊ लागले. ते ऐकू येऊ नयेत म्हणून लताबाई खोकत होती. बिचारी किती खोकणार! लीलाधरनं मग मोठ्यानं कोंबड्या हाकलायला सुरुवात केली. परसात एकही कोंबडी नव्हती. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी इंदिराबाई हे ऐकून काय समजायचं ते समजली आणि खाली निघून गेली.

असं सहा वेळा झालं, आठ वेळा झालं. ऊन कलायला आलं. शेवटी पाण्यासारखं स्वच्छ झालं पाहिजे, नाहीतर तपासणी होत नाही, असं कागदावर ठळक अक्षरांत होतं. ते विचारायचं कसं? सत्तावीस वर्षांच्या संसारात दोघं या विषयावर कधी एक शब्द बोलली नव्हती. नवव्या खेपेला तो दाराच्या जवळ गेला.

"साफ झालं का?"

आत बादलीची कडी वाजली.

"मले सांगावं लागीन. डाक्टर इचारतीन."

"मी वहिनीले सांगते."

"मले सांग."

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला.

"लाल हाये," ती म्हणाली.

रक्त जातं हे लीलाधरला मंगळवारपासून ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून तो ते पहिल्यांदाच ऐकत होता, तेही बंद दाराआडून.

"कधीपासून?"

"पोयापासून."

पोळा होऊन सहा महिने झाले होते. सहा महिन्यांतले शनिवार किती, हा हिशोब त्याच्या डोक्यात आपोआप होऊन गेला. मोजायची सवय काही सुटत नाही.

"मंग मले कावून नही सांगतलं?"

"तुमी इचारलं असतं, काय खाल्लं म्हनून."

खरोखरच त्यानं तेच विचारलं असतं.

रविवारी सकाळी रिक्षा करून दोघं जळगावला गेली. इंदिराबाईनं जुन्या लुगड्याच्या घड्या बरोबर दिल्या होत्या, त्या लताबाई मांडीवर घट्ट धरून बसली होती. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. नर्सनं तिला आत नेऊन पाठीला नाड्या असलेला हिरवा झगा घालायला दिला, बांगड्या काढायला लावल्या. लताबाई बाहेर आली ती एका हातानं पाठीमागचा झगा धरून. उघड्या पोटऱ्या एकमेकींमागे लपवायचा ती प्रयत्न करत होती. लीलाधरनं नजर वळवली. इतकी वाळलेली ती त्याला कधी दिसलीच नव्हती. शनिवारी तो काट्याकडे बघायचा, तिच्याकडे नाही.

"वजन किती?" नर्सनं विचारलं. "गुंगीचं इंजेक्शन वजनावर द्यायचं असतं."

"सत्तेचाळीस," लीलाधर म्हणाला.

"इथं करून घेते." नर्सनं तिला कोपऱ्यातल्या काट्यावर उभं केलं. "त्रेचाळीस."

"चुकतंय काहीतरी," लीलाधर म्हणाला. "मागच्या शनवारी मी स्वतः केलंय. सत्तेचाळीस, कपडे वजा करून."

"काल पोट साफ केलं ना? त्यात किलोभर जातं."

"तरी शेहेचाळीस पाहिजे. बाई, तुमचा काटा तपासून घ्या. मी सव्वीस वर्षं मापाडी आहे."

नर्सला घाई होती. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. लताबाई काट्यावरच उभी होती, मान खाली घालून. लीलाधरनं तिला उतरवलं आणि स्वतः चपला काढून चढला. काट्यानं बासष्ट दाखवलं. त्याचं वजन बासष्टच होतं, गेली दहा वर्षं. काट्यात काडीचाही दोष नव्हता.

तो खाली उतरला. चार किलोचा फरक. त्यातला एक कालच्या औषधाचा. राहिले तीन. आठवड्यात माणूस इतकं उतरत नाही, आणि काटा बिघडला तर असा नेमका बिघडत नाही. सबंध तीन किलो. असा गोल फरक कुठून येतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? घरी कपाटाच्या तळाशी हातकाट्याच्या जमान्यातली त्याची लोखंडी वजनं होती, सरकारी शिक्क्याची, अर्ध्या किलोपासून पाच किलोपर्यंत.

नर्स सुई आणायला आत गेली होती. तो लताबाईजवळ गेला.

"कोन्ती?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं वर पाहिलं नाही.

"दोनाचं आन् एकाचं," ती म्हणाली. "कमरेले बांधून येत जाये. पह्यले अर्ध्याचं घेतलं व्हतं. मंग पुरेना."

"कावून पन?"

"एकदम उतरलं असतं तर तुमी मले डाक्टरकडे आनलं असतं. असं झगा घालून..." ती थांबली. तिनं पाठीमागचा झगा आणखी घट्ट आवळला. "मले लाज वाटे. आन् तुमी शनवारी इतके खूश राहत. तुमाले जितकं आवडे तितकंच उतरू द्यायची मी."

ज्याच्या काट्याला तालुक्यात कोणी फसवलं नव्हतं, तो माणूस तोंड उघडं टाकून उभा राहिला. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. अशक्त बाई तीन किलो लोखंड कमरेला बांधून शनिवारी भर उन्हात घरापासून सोसायटीपर्यंत चालत येत होती, आणि तो हमालांसमोर दांड्याचं वजन वजा करून दाखवत होता. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"चला आजी," नर्स आली. लताबाई अजून पन्नासचीही नव्हती.

ती आत गेली. लीलाधर बाकावर बसला. समोरच्या भिंतीवर आतड्याचं रंगीत चित्र होतं, ते त्यानं पाहिलं आणि मग दुसरीकडे बघत बसला. शेजारच्या माणसानं तंबाखू पुढे केली, ती त्यानं घेतली नाही. पाऊण तासानं त्याला आत बोलावलं.

लताबाई खाटेवर कुशीवर पडलेली होती, अंगावर चादर. डोळे अर्धवट उघडे होते. नाशिकचे डॉक्टर हात पुशीत उभे होते. तरुणच होते, पण बोलायला शांत.

"गाठ आहे," ते म्हणाले. "तुकडा तपासायला घेतलाय. काय ते त्यावरून कळेल, पण ऑपरेशन करावंच लागेल. बरंच आधी यायला हवं होतं. तरी मला वाटतं, अजून हाताबाहेर गेलेलं नाही."

लीलाधरनं मान हलवली.

"आधी अंगात थोडी शक्ती यायला हवी. भात, भाकरी, दूध, केळं, सगळं द्या. साखरेचं आम्ही इंजेक्शननं बघू." डॉक्टर खुर्चीवर बसले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. "वजन किती दिवसांपासून उतरतंय?"

"आठ महिने."

"आणि एवढं उतरेपर्यंत घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

लीलाधरच्या आधी खाटेवरून आवाज आला. गुंगीनं जड झालेला, पण स्पष्ट.

"यांले काही माहीत नव्हतं, डाक्टरसाहेब. मीच नही सांगतलं. यांचा काही दोष नही."

सुटायला जागा होती. बायकोनं स्वतःच ती करून दिली होती. लीलाधरनं खाटेकडे पाहिलं. चादरीखाली ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नव्हतं.

"माहीत होतं, साहेब," तो म्हणाला. "दर आठवड्याला मीच मोजत होतो. पन्नासच्या खाली आली, त्या दिवशी मी सोसायटीत पेढे वाटले."

डॉक्टरांचं पेन कागदावरच थांबलं. नर्सही हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

लताबाईनं डोळे नीट उघडायचा प्रयत्न केला. या परक्या लोकांचा आपल्या नवऱ्याविषयी भलताच समज होईल, याची तिला काळजी वाटली असावी. चादरीतून हात काढून तिनं कसाबसा डॉक्टरांच्या दिशेनं हलवला.

"मले बी दिला व्हता यांनी," ती म्हणाली. "अर्धा."